गुरुवारी दुपारी दोन ते पाच

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. जुन्या कॅलेंडरचं मागचं कोरं पान, पट्टीने आखलेले सात रकाने आणि चार रंगांची पेनं. निळा सुभेदार काकांचा, हिरवा पोळीभाजीवाल्या काकूंचा, काळा डायलिसिसवाल्या काकांचा, लाल माझा. दर रविवारी रात्री जेवणं झाली की नवा कागद लागतो. कोण कुणाकडे किती वाजल्यापासून बसणार, कोण कुणाला बसस्टॉपपर्यंत सोडणार, कुणाची दवाखान्याची तारीख आहे, सगळं त्याच्यावर. या कागदाच्या जोरावर गेली दोन वर्षं आमच्या आजूबाजूची चार माणसं कामावर जातायत. त्यातला एक माझा धाकटा भाऊ आणि एक मी. भेटेल तो विचारतो कसं काय जमवलंत, आणि मी दर वेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगते, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहून काढावं.

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा सुरू झालं, आता सोळा वर्षं होतील. आधी झोप गेली, मग कॉलेज गेलं, मग मित्र गेले. पहिली दोन वर्षं कोण काय सांगेल ते केलं, गंडेदोरेसुद्धा, त्याबद्दल आज बोलत नाही. योग्य औषधं लागू पडली तेव्हापासून तो बराच स्थिर आहे, आवाज अधूनमधून येतात पण हे ते आवाज आहेत हे त्याचं त्याला कळतं. लोकांना वाटतं औषध लागू पडलं म्हणजे झालं. नाही हो. औषधाने आवाज कमी झाले, पण सकाळी उठून करायचं काय, हे कुठल्या गोळीत नसतं. खिडकीपाशी खुर्ची टाकून सिंहगड रोडचं ट्रॅफिक बघत बसायचा तो, सकाळी तिथे, संध्याकाळी तिथे. एकदा मला म्हणाला, ताई, ही रात्रीची नऊ पाचची बस रोज नऊ बाराला येते. किती वर्षं बघितल्यावर माणसाला हे समजत असेल.

आणि मी. मी भोसरीला एका कंपनीत अकाउंट्सला होते, अकरा वर्षं. नोटाबंदी झाली त्या महिन्यात आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बाबा त्याआधीच गेलेले. घरात झटका आलेली आई, गोळ्या खाऊन अकरापर्यंत झोपणारा भाऊ, आणि मी सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परत येणारी. महिनाभर रजा काढली, मग बिनपगारी काढली, मग साहेबांनी बोलावून समजावलं आणि मी राजीनामा दिला. कुणी काढलं नाही मला. पण राहण्यासारखंही काही नव्हतं. बाबांच्या फॅमिली पेन्शनवर घर चाललं, ओढत ओढत.

सरकारने २०१९ मध्ये देशभर एक सर्वे केला होता, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचा. त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा वेळ निघाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. माणसं सांभाळण्याचा वेगळा मोजलाय, तो बायकांचा १३४ आणि पुरुषांचा ७६. मला ते आकडे वाचून राग वगैरे आला नाही, उलट बरं वाटलं की कुणीतरी बसून मिनिटं मोजली. कारण २०२३ मध्ये आई काठी घेऊन चालायला लागल्यावर मी पुन्हा नोकरी शोधायला बाहेर पडले तेव्हा पहिल्याच ऑफिसात (नाव घेत नाही) समोरच्या मुलीने माझा बायोडेटा बघून विचारलं होतं, मॅम या सात वर्षांत तुम्ही काय केलंत? मी खरं ते सांगितलं. त्यावर दुसरा म्हणाला, मग आता ते बरे झालेत का दोघं? म्हणजे घरी परत काही होणार नाही ना, अशी गॅरंटी हवी होती त्याला. मी बसमध्ये बसून घरी येईपर्यंत त्याचंच उत्तर जुळवत होते. अजूनही जुळलेलं नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. अकरा वर्षांचा अनुभव आणि एक साधं रिटर्न भरता येत नाही, अशी माझी अवस्था.

धायरी आमच्यापासून काही लांब नाही. तिथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, सगळे नुसतं सा म्हणतात. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती सुरू केली, त्यांच्या स्वतःच्या घरात पत्नीला हा आजार होता. तिथे नातेवाइकांचे स्वमदत गट भरतात असं मला डॉक्टरांनी सांगितलेलं, मी वर्षभर टाळलं, मग एकदा गेले. गोल करून खुर्च्या. एक आजोबा आपल्या मुलाबद्दल सांगत होते आणि ते आवाज न दबवता सांगत होते, एवढंच माझ्या डोक्यात राहिलंय. आमच्याकडे चौदा वर्षं हा शब्द कुजबुजतच बोलला गेला होता. मी पण त्या दिवशी मोठ्याने बोलले.

तिथेच कुणाच्या तरी बोलण्यात पहिल्यांदा ऐकलं की अशा माणसांना कामाला लावायच्या दोन पद्धती असतात. एक जुनी, म्हणजे आधी ट्रेनिंग, मेणबत्त्या करा, कागदी पिशव्या करा, आधी तयार व्हा आणि मग बघू नोकरीचं. ते मग काही येतच नाही. दुसरी पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत निघाली, मग बऱ्याच देशांत गेली. त्यात म्हणतात आधी खरी नोकरी बघा, खऱ्या पगाराची, बाहेरच्या जगातली, त्या माणसाला जी आवडेल ती, आणि मग त्याच्या मागे उभं राहा, लागेल तितके दिवस. आधी तयारी आणि मग काम असं नाही, काम करता करता तयारी. याच्या रीतसर चाचण्या झाल्यात आणि जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने जास्त लोक नोकरीला लागतात असं दिसलंय. मला ते ऐकल्या ऐकल्या पटलं कारण धाकटा "तयार" होण्याची आम्ही चौदा वर्षं वाट बघत होतो.

पण तिकडे मागे उभं राहायला एक पगारी माणूस असतो, ते त्याचं कामच असतं. आमच्याकडे कोण?

तर आमच्याकडे काकू होत्या. काकूंचं पोळीभाजी केंद्र आमच्याच गल्लीत आहे, रोज सातशे-आठशे पोळ्या जातात. आईच्या झटक्यानंतर पहिले दोन महिने आमचा डबा त्यांच्याकडून यायचा आणि पैशाचा विषय काढला की त्या दुसरंच काहीतरी बोलायला लागायच्या. मी इंटरव्ह्यूहून आले त्या दिवशी रस्त्यात भेटल्या, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, अगं झालं काय? मी सगळं सांगितलं. त्यांनी काही धीरबीर दिला नाही. म्हणाल्या, तुला रोजचे किती तास मोकळे मिळाले तर तू काम करशील? मी म्हटलं तीन. दुपारचे. म्हणाल्या मग तीन तासांचं काम बघू, आणि तीन तास आईपाशी बसणारं माणूस बघू, दोन्ही वेगवेगळं शोधायचं, एकात एक कशाला घालतेस.

एवढं सरळ होतं ते. सात वर्षं मला ते सुचलं नव्हतं, कारण एकटीने विचार करताना सगळं एकच मोठं भेंडोळं वाटतं.

बसणारं माणूस मिळालं ते म्हणजे डायलिसिसवाले काका. (हे नाव मी नाही पाडलं, त्यांचं तेच स्वतःची अशी ओळख करून देतात.) रिक्षा चालवायचे. किडन्या गेल्या, आठवड्यातून तीन वेळा, सोमवार बुधवार शुक्रवार, दर वेळी चार चार तास मशीनवर. त्या दिवशी संध्याकाळी उठवत नाही त्यांना. रिक्षा त्यांनी दुसऱ्याला शिफ्टवर चालवायला दिली आणि स्वतः घरात बसले, बावन्नाव्या वर्षी. मंगळवार आणि शनिवार दुपारी ते आमच्याकडे येऊन बसायला लागले, आईशी पत्ते खेळत. आणि त्या बदल्यात काकूंनी त्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी काउंटरवर घेतलं, ऑर्डरी लिहायच्या, फोन घ्यायचे, पैसे घ्यायचे, बसून करायचं काम. पगार ठरवून दिला, उपकार म्हणून नाही. त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं, तर काउंटरखाली त्यांची अर्ध्या लिटरची बाटली असते आणि ती कुणी भरायची नाही असा तिथल्या बायकांना काकूंचा दम आहे.

इथे एक सांगायला हवं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीयत. १९९५ च्या कायद्यात सात होती, त्या मानाने बरंच झालं. मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत, त्यातला एक टक्का मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे सगळ्यांत मिळून. चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं, मानसिक आजाराचे टक्के काढायची वेगळी मोजपट्टी असते. धाकट्याच्या सर्टिफिकेटला तीन हेलपाटे घातले आम्ही. एकदा म्हणाले हा तर चांगला दिसतोय, म्हणजे हा नीट अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला हाच त्याचा दोष. शेवटी मिळालं, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे आता. पण त्या २१ च्या यादीत किडनी नाही. आठवड्याचे बारा तास मशीनला जोडलेला माणूस यादीत बसत नाही. आणि सांभाळणारा तर कुठल्याच यादीत नाही, त्याला कसलं कार्ड मिळणार. सरकारी नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे आणि ते मोठंच काम आहे, पण रिक्षावाल्याला कोण काढतं, तो आपला आपणच घरी बसतो. कायदा वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. तो जिथपर्यंत पोचत नाही तिथे कोण उभं राहतं एवढंच बघायचंय.

माझं काम काकूंच्या हिशोबापासूनच सुरू झालं. त्यांच्याकडे पिशवीभर बिलं होती. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे, सीएच्या ऑफिसात काम करते, तिने मला रात्री नऊ ते दहा अशी दीड महिना जीएसटीची शिकवणी दिली. वयाने माझ्या निम्मी आहे ती आणि मी तिला आजही मॅडम म्हणते, मनापासून. आता माझ्याकडे तीन दुकानांचे हिशोब आहेत. महिन्याची ११ आणि २० तारीख आमच्या कागदावर लाल गोल करून असते, कारण त्या रिटर्नच्या तारखा, त्या दोन दिवशी मला कुणी काही नवीन सांगायचं नाही.

आता धाकट्याचं.

त्याला विचारलं काय करायला आवडेल. खूप वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, कागदाचं काहीतरी. लहानपणी तो वह्यांना कव्हरं घालायचा, अख्ख्या चाळीच्या मुलांच्या वह्यांना, जूनमध्ये आमच्या घरी रांग लागायची. सुभेदार काकांच्या ओळखीचे एक बाइंडर सदाशिव पेठेत आहेत, जुना वाडा, तळमजल्यावर दोन खोल्या. सुभेदार काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, फौजेतून रिटायर झालेले. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना काम शिकवायला निघालेली, अजून चालू आहे. काकांचा एक सोबती पाय गेल्यावर तिथे शिकला. काकांचं म्हणणं असं की जखमी माणसाला पेन्शन द्या, मेडल द्या, सगळं द्या, पण हाताला काम नाही दिलं तर तो पलंगावरच संपतो, आणि हे फौजेला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. तुझ्या भावाची जखम दिसत नाही एवढाच फरक आहे पोरी, असं म्हणाले. ते मला म्हणणारे ते पहिले.

बाइंडरना किती सांगायचं यावर आमच्यात बराच खल झाला. काकूंचं म्हणणं सगळं सांगून टाका. मला भीती वाटत होती. शेवटी धाकट्यालाच विचारलं, तर म्हणाला, आजार आहे सांगा, गोळ्या चालू आहेत सांगा, नाव नका सांगू. तसंच केलं. मालक म्हणाले, सकाळी नऊला यावं लागेल. सुभेदार काका म्हणाले, अकरा. कारण रात्रीच्या गोळीने तो सकाळी साडेनऊपर्यंत उठूच शकत नाही, ते आळस नाही ते औषध आहे. मालकांनी विचार केला आणि म्हणाले, ठीक, अकरा ते चार, पैसे फर्म्यावर, म्हणजे छापील कागदांच्या जितक्या घड्या घालून होतील त्यावर. २०२३ च्या गणपतीनंतर सुरू केलं. मुद्दाम नंतर. गणपतीत पेठेतले ढोल आणि स्पीकर त्याला सोसले नसते, आणि बाइंडरकडे पण गणपती झाले की दिवाळी अंकांची गर्दी उडते, हात हवेच असतात.

पहिले बारा दिवस सुभेदार काका त्याच्या शेजारी बसून बसने गेले. जाताना शनिपाराला उतरायचं आणि चालत जायचं, येताना मंडईहून बस. कारण बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता वनवे, हे पुणेकरांना सांगायला नको पण इतकी वर्षं घरात बसलेल्याला नव्याने शिकावं लागतं. कंडक्टर सुट्टे मागायचा तेव्हा धाकटा गोठायचा. हात खिशात आणि हात बाहेरच येत नाही. मागे लोक ढकलतायत. काकांनी काही केलं नाही, फक्त आदल्या रात्री त्याच्याकडून मोजके सुट्टे वरच्या खिशात ठेवून घ्यायला लागले. तेराव्या दिवशी काका दोन सीट मागे बसले. विसाव्या दिवशी फक्त स्टॉपपर्यंत. चोविसाव्या दिवशी धाकटा म्हणाला, काका तुम्ही झोपा, मी जातो.

मी एकदा बघायला गेले होते, त्याला न सांगता, दारातूनच. जमिनीवर पोत्यावर बसलेला. छापून आलेला मोठा कागद, त्याची एक घडी, दुसरी, तिसरी, प्रत्येक घडीवर हाडाची पट्टी दाबून फिरवायची, की सोळा पानांचा फर्मा तयार. मग सगळे फर्मे ओळीने मांडून जुळणी, एक फर्मा चुकला की अख्खं पुस्तक वाया. गोळ्यांमुळे त्याचा उजवा हात थरथरतो, खळीच्या ब्रशचं काम त्याला नीट जमत नाही, कडेला ओघळ येतो. पण घडीला ते थरथरणं आड येत नाही, कारण हात सगळा दाबून कागदावर टेकलेला असतो. हे मालकांनी चार दिवसांत ओळखलं आणि त्याला खळीवरून काढून घडी आणि जुळणीवर टाकलं. कुठल्या तज्ज्ञाने नाही, बाइंडरने ओळखलं. आणि जुळणीत तो कधी चुकत नाही. नऊ पाचची बस नऊ बाराला येते हे ज्याला माहीत असतं त्याच्या नजरेतून पान नंबर सुटत नाही.

मग दिवाळी आली. वसुबारसेपासून फटाके, रात्री बारा-एकपर्यंत. त्याची झोप गेली. झोप गेली की आमच्याकडे सगळंच जातं. लक्ष्मीपूजनानंतर कामावर जायची वेळ आली तर तो खिडकीची कडी पुन्हा पुन्हा बघत होता, बोलणं बंद, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. पाच दिवस गेला नाही. सहाव्या दिवशी गेला आणि मालकांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला, डायऱ्यांची ऑर्डर अडकली होती त्यांची, त्यांचंही चुकलं नाही तसं. हा उठला आणि चालत सुटला, शनिपारापासून घरापर्यंत पायी. संध्याकाळी साडेसातला पोचला, पायाला फोड. आणि म्हणाला आता जाणार नाही.

पूर्वी असतं तर इथेच संपलं असतं. मी पण म्हटलं असतं जाऊ दे, नको ते, घरी सुखात राहा. आणि खरं सांगते, मी म्हटलंच, त्या रात्री. काकूंनी ऐकून घेतलं नाही. डॉक्टरांकडे नेलं, औषध थोडं वाढवलं, तीन रात्री नीट झोपला. दरम्यान सुभेदार काका बाइंडरकडे जाऊन तासभर बसून आले. आणि मग धाकट्याने स्वतः एक चिठ्ठी लिहिली मालकांसाठी, मी फक्त शेजारी बसले होते. चार ओळी. मी गप्प झालो, बटण वरपर्यंत लावलं, दोनदा दार तपासलं, किंवा चहा नको म्हणालो तर समजा मला बरं नाहीये. ओरडू नका. ताईला फोन करा. आणि खाली त्याने आजाराचं नाव लिहिलं, पूर्ण, मराठीत. मी म्हटलं अरे तूच नको म्हणाला होतास. म्हणाला, आता ते मला ओळखतात.

ती चिठ्ठी मालकांच्या गल्ल्यात अजून आहे. त्यांनी त्यानंतर दोनदा फोन केला मला, दोन्ही वेळा वेळेवर, दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांत सावरलं. गेल्या दिवाळीत आम्ही त्याला फटाक्यांचे चार दिवस मावशीकडे वेल्ह्याला पाठवलं, मालकांनीच सुचवलं होतं. माणसाला कामाला लावणं अवघड नसतं असं मला आता वाटतं, अवघड असतो तो सहावा आठवडा. तेव्हा कुणी हवं असतं.

समोरच्या बिल्डिंगमधला चोवीस वर्षांचा मुलगा, डाउन सिंड्रोम आहे, तो काकूंकडे पोळ्यांची पाकिटं करतो. त्याला पाचपर्यंत मोजताना चुकायला होतं, तर काकूंनी दोन वाट्या ठेवल्या आणि पाच सुके वाटाणे. एक पोळी ठेवली की एक वाटाणा या वाटीतून त्या वाटीत. वाटी रिकामी झाली की पाकीट बंद. दुसऱ्या वाटीतून परत उलटं. आता त्याला वाटाणे लागत नाहीत पण तो ते समोर ठेवतो, आवडतात त्याला. त्याची आई त्या वेळात शिवणाच्या क्लासला जायला लागली आहे.

सगळं जमलं असं नाही. पहिल्या वर्षी आमच्यात एक मुलगी होती, एकटी आई, दीड वर्षाचं मूल, कपड्यांच्या दुकानात काम मिळालं होतं. कायद्याने ५० माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, तिच्या दुकानात सहा जणी. मूल आम्ही वाटून घेतलं होतं. दोन महिने चाललं. मग पावसाळा लागला, मुलाला सारखा ताप, एकाचा ताप सगळ्यांना, आणि डायलिसिसवाल्या काकांच्या जवळ आजारी मूल आणणं धोक्याचं. कुणीतरी कागदावर रकाना रिकामा सोडला, कुणीतरी म्हणालं आम्ही काय आया आहोत का. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं आणि मी पडले नाही, माझ्या २० तारखेची घाई होती. तिने नोकरी सोडली आणि माहेरी सोलापूरला गेली. पुण्यात अन्नपूर्णा परिवार वस्त्यांमधल्या कष्टकरी बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवतो, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी तारा मोबाइल क्रेश आहे. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं, कुणाला तरी विचारलं असतं, तर कदाचित. मी तिला फोन करते अधूनमधून. मूल आता शाळेत जातं.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले. लहान मूल आणि काका एका घरात एका वेळी नाहीत. आणि रकाना भरता येत नसेल तर शनिवारपर्यंत सांगायचं, रविवारी रात्री नाही. सांगितलं की कुणी कारण विचारायचं नाही. हा दुसरा नियम फार कामाचा निघाला, कारण कारण विचारलं की माणसं नाही म्हणायच्या ऐवजी हो म्हणतात आणि येत नाहीत.

अजून एक, पैशाचं. सुरुवातीला आम्ही सगळं "असंच" करायचो आणि त्यात अवघडलेपणा यायला लागला, विशेषतः ज्याच्या घरी जास्त लागतं त्याला. आता तास लिहितो. मागच्या पानावर पेन्सिलीने, कुणाचे किती दिले, किती घेतले. बरोबरी व्हायची गरज नाही, होतही नाही, माझ्यावर तर शंभरच्या वर तास चढलेत. पण लिहिलेले आहेत म्हणून मला हक्काने मागता येतं. उपकार मोजता येत नाहीत, तास येतात.

धाकट्याला गेल्या महिन्यात आठ हजार चारशे मिळाले. त्यातून त्याने आईला पत्त्यांचे दोन नवे कॅट आणले, प्लॅस्टिकचे, कारण जुने डाव्या हाताने धरताना तिच्याकडून दुमडतात. उरलेले पैसे बँकेत. खिडकीपाशी खुर्ची अजून तिथेच आहे, रविवारी बसतो तो.

हे सगळं लिहायला आज बसले त्याला कारण वेगळंच आहे. डायलिसिसवाल्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलंय, ते त्या धावपळीत आहेत, आणि गुरुवारी दुपारी आईपाशी बसणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नातवाकडे नाशिकला गेल्यायत, तीन महिने तरी. तेव्हा कागदावर गुरुवार दोन ते पाच हा रकाना दोन आठवडे कोरा आहे. वडगाव, आनंदनगर, हिंगणे या बाजूला राहणारं कुणी असेल तर सांगा. आईला उचलावं वगैरे लागत नाही, काठीने बाथरूमला जाते, फक्त सोबत हवी. तीन वाजता चहा लागतो, साखर कमी. मेंढीकोट येत असेल तर उत्तम, येत नसेल तर ती शिकवते. बदल्यात तुमच्या घरचं काय असेल ते सांगा, हिशोब, दवाखान्याच्या फेऱ्या, कुणाला बसने सोबत. धाकटा म्हणालाय की बसची सोबत असेल तर ती तो करेल.